सेफ्टी पीएलसीचं आउटपुट मधेच फॉल्टला जातं आणि रिमोट आयओ दुपारी पडतो, काय करू?

बुटीबोरी_शिफ्टबी
नमस्कार भाऊ लोक. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मी बुटीबोरी एमआयडीसीत एका पॅकिंग प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) दोन्ही माझ्याच गळ्यात. आमच्या पॅलेटायझर लाइनवर दोन वर्षांपूर्वी जुने सेफ्टी रिले काढून सेफ्टी पीएलसी टाकला. मेन पॅनलमध्ये सीपीयू आणि सेफ्टी आउटपुट कार्ड, आणि कार्टन जिथून आत येतात तिथे, म्हणजे साधारण ७० मीटरवर, रिमोट आयओ (लांबचे इनपुट-आउटपुट नेटवर्कवरून सीपीयूला जोडणारं स्टेशन). त्या रिमोटवर लाइट कर्टन (हात आत गेला की कळवणारा किरणांचा पडदा) आणि दोन इमर्जन्सी स्टॉप. मधे प्रोफिनेट नेटवर्क, सेफ्टीचा डेटा त्यावरच्या प्रोफिसेफ प्रोटोकॉलने जातो. आउटपुटकडे बघाल तर दोन आउटपुट ड्राइव्हच्या एसटीओ १ आणि एसटीओ २ ला (एसटीओ म्हणजे मोटरचा टॉर्क सुरक्षितपणे तोडणारा इनपुट), आणि दोन आउटपुट के-१ आणि के-२ कॉन्टॅक्टरच्या कॉइलला, हे दोन्ही कॉन्टॅक्टर पुशरच्या मोटरला सिरीजमध्ये.

दोन वर्षं एक दिवस त्रास नव्हता. एप्रिलपासून दोन भानगडी सुरू झाल्या.

पहिली, के-२ चं आउटपुट मधेच बंद पडतं, कार्डवर त्या चॅनलचा लाल दिवा, आणि डायग्नॉस्टिकमध्ये येतं की आउटपुट २४ व्होल्टला शॉर्ट आहे. वायर पूर्ण तपासली, टीबी (टर्मिनल ब्लॉक) उघडून पिन लग नवीन मारले, डक्टमध्ये कुठे घासली का ते पण पाहिलं, काहीच नाही. रीसेट मारला की चालते, मग कधी वीस मिनिटांनी कधी तीन तासांनी परत तेच. चालू केल्या केल्या कधीच जात नाही, हे जरा विचित्र वाटून राहिलं.

दुसरी, दुपारी साधारण १ ते ४ मध्ये रिमोट स्टेशन नेटवर्कवरून पडतं, दोन-तीन वेळा. काही सेकंदात आपोआप परत येतं पण सेफ्टी पॅसिव्हेट झालेली, म्हणजे सुरक्षित बंद अवस्थेत गेलेली असते म्हणून ऑपरेटरला येऊन रीसेट द्यावा लागतो. सगळं एकाच स्विचवर आहे, एचएमआय, ऑफिसचा पीसी, आणि मागच्या दिवाळीत लावलेले चार कॅमेरे.

आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो आउटपुटची पल्स टेस्ट सेटिंगमधून बंद करून टाक. ज्याने लाइन उभारून दिली तो फोनवर म्हणतो वॉचडॉग (ठरलेल्या वेळात मेसेज आला नाही तर सेफ्टी पाडणारा टायमर) १५० मिलिसेकंदांवरून ३०० करा, पुढच्या हप्त्यात येतो. आणि मॅनेजर साहेब म्हणतात तोवर बायपास करून चालवा. बायपासला मी नाही म्हणून बसलो आहे, त्यामुळे सध्या प्लांटमध्ये व्हिलन मीच. बाकीचे दोन उपाय करू का?

पॅनलवाला_हिंगणा
थांब भाऊ, दोन्हीला हात लावू नको. आधी आउटपुटचं बोलतो, नेटवर्क माझा विषय नाही.

कार्ड "शॉर्ट" म्हणतं तेव्हा ते नेमकं काय बघतं हे समजून घे. आउटपुट चालू असताना कार्ड मधूनमधून ते अगदी थोडा वेळ बंद करून पाहतं, एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर, आणि आपल्याच टर्मिनलवरचा व्होल्टेज वाचतं. शून्याकडे गेला तर ठीक, म्हणजे गरज पडेल तेव्हा मला हे बंद करता येईल. नाही गेला तर कार्डला वाटतं बाहेरून कुठून तरी २४ घुसलेत आणि ते हात वर करतं. त्यामुळे ती शॉर्ट दरवेळी वायरीतली असतेच असं नाही, त्या टर्मिनलवर व्होल्टेज धरून ठेवणारं काहीही चालतं. कुणाचा तरी कॅपॅसिटर, दुसऱ्या आउटपुटची चिकटलेली वायर, किंवा ड्राइव्हसोबत कंपनीतून आलेला एसटीओचा जंपर काढायचा राहिलेला. तुझ्याकडे एसटीओवाले चॅनल ठीक आहेत म्हणजे जंपरची शंका सोडून दे.

हे सांग: आउटपुट पी-पी आहेत (दोन्ही स्विच प्लसच्या बाजूला) की पी-एम (एक प्लसला, एक झिरोला)? के-१ आणि के-२ एकाच मेकचे, एकाच नंबरचे आहेत का? आणि एप्रिलच्या आधी पॅनलमध्ये काय बदललं? दोन वर्षं चाललेली वायरिंग एप्रिलचा महिना पाहून खराब होत नाही.

आणि पल्स टेस्ट बंद करायचं डोक्यातून काढ. बंद केली की वायर खरंच २४ ला चिकटली तर कार्डला कळणार नाही, आणि ज्या परफॉर्मन्स लेव्हलच्या (सेफ्टी किती भरवशाची त्या दर्जाच्या) हिशोबावर हे मशीन पास झालं तो हिशोबच बदलतो. ती सेटिंग बदलायची असेल तर ज्याने रिस्क असेसमेंटवर सही केली त्याने बदलावी, आपण नाही.

शिकाऊ_२४व्होल्ट
मधे बोलतो माफ करा, पण आमच्याकडे पण असंच कार्ड आहे आणि मी मल्टीमीटर लावून बघितलं तर आउटपुटवर २४.१ एकदम स्थिर दिसतं. पल्स असतील तर मीटर हलायला पाहिजे ना?

पॅनलवाला_हिंगणा
नाही हलणार. मीटर सेकंदाला दोन-चार वेळा आकडा दाखवतं, तो पण सरासरी काढून. एवढीशी खाच त्यात बुडून जाते. ऑसिलोस्कोप लाव, लगेच दिसेल. स्कोप नसेल तर साधा एलईडी इंडिकेटर लावून अंधारात बघ, काही कार्डांवर हलकी लुकलुक जाणवते. त्याच लुकलुकीला फॉल्ट समजून आमच्या एका कस्टमरने तीन इंडिकेटर बदलले होते.

जुना_फोरमन
पोरा, झिरो व्होल्ट कुठून घेतला ते आधी पाह्य.

आमच्या कारखान्यात, नाव नाई सांगत, असंच होऊन राहिलं होतं. पॅनलमध्ये एसएमपीएस, म्हंजे २४ व्होल्टचे पॉवर सप्लाय, दोन. कार्डाला २४ एकाचे, आन् ड्राइव्हच्या एसटीओचा कॉमन गेलेला दुसऱ्याच्या झिरोवर. दोन्ही झिरो आपसात जोडलेले होते एका पिवळ्या-हिरव्या वायरीनं अर्थबारवरून, आन् तो स्क्रू ढिला. मशीन हादरली का एसटीओ पडे. आउटपुटचा दिवा लागलेला, वायरीत २४ आहेत, पण करंटाले घरी यायचा रस्ताच नाई ना बाप्पा. चार दिवस आमी प्रोग्राम पाह्यला. शेवटी मी दोन्ही झिरोच्या मधात मीटर लावलं तं ९ व्होल्ट. तिथंच पायापासून डोक्यापर्यंत घाम फुटला.

तवापासून माह्या हाताखालच्या पोरायले एकच सांगणं होतं, सेफ्टी आउटपुटची वायर सोडली का तिचा झिरो बी सोबतच सोडा, आन् त्याच कार्डाच्या एम, म्हंजे झिरोच्या टर्मिनलवर आणा. जवळ पडते म्हणून शेजारच्या टीबीवर टोचू नका.

नेटवर्कचा_किडा
मी पुण्यात असते पण माहेर नागपूरचं धरमपेठ, म्हणून हक्काने लिहिते. दुसऱ्या भानगडीबद्दल.

आधी एक गोष्ट बघा, रिमोट पडतो तेव्हा त्याच स्टेशनवरचे साधे, नॉन-सेफ्टी इनपुट पण पडतात का? दोन्हींचे वॉचडॉग वेगळे आहेत. साध्या प्रोफिनेट डेटाला डिफॉल्टमध्ये लागोपाठ तीन सायकल चुकल्या की संपलं, म्हणजे अपडेट टाइम २ मिलिसेकंद असेल तर ६ मध्येच तो हार मानतो. प्रोफिसेफचा १५० आहे. त्यामुळे वायर, स्विच, कनेक्टर यांचा घोळ असेल तर साधा आयओ आधी पडलेला दिसेल, सेफ्टी त्याच्या मागोमाग. आणि साधा आयओ धडधाकट असून फक्त सेफ्टी टाइमआउट होत असेल तर नेटवर्कला शिव्या देऊ नका, सीपीयूमधला सेफ्टी प्रोग्राम किती वेळाने एकदा चालतो ते बघा, कोणीतरी प्रोग्राम वाढवून सायकल ताणलेली असते. डायग्नॉस्टिक बफरमध्ये दोन्ही नोंदी वेळेसकट मिळतील.

आता वॉचडॉग ३०० करण्याबद्दल. फोनवर सांगायला सोपं आहे. तुमचा लाइट कर्टन त्याच रिमोटवर आहे ना? मग वॉचडॉग हा कर्टनच्या अंतराचा भाग आहे. आयएसओ १३८५५ मधला हिशोब असा की अंतर म्हणजे हाताचा वेग गुणिले एकूण थांबायचा वेळ, अधिक कर्टनच्या रेझोल्यूशनचं (किती लहान वस्तू तो पकडतो त्याचं) थोडं जास्तीचं. वेग धरतात २००० मिलिमीटर प्रति सेकंद, आणि उत्तर ५०० मिलिमीटरच्या वर गेलं तर १६०० धरून परत काढायचं, फक्त ते ५०० च्या खाली आणायचं नाही. नेटवर्क नेमकं त्याच क्षणी मेलं तर वॉचडॉग संपेपर्यंत मशीनला कळतच नाही की हात आत आलाय, म्हणून तो पूर्ण वेळ त्यात मोजावा लागतो. १५० मिलिसेकंद वाढवले म्हणजे १६०० गुणिले ०.१५, २४० मिलिमीटर. एका वीतीपेक्षा जरा जास्तच. कर्टन तेवढा मागे सरकवायला जागा आहे का? कमिशनिंगच्या कागदात एकूण वेळ किती लिहिलाय ते काढा.

बुटीबोरी_शिफ्टबी
सगळ्यांना धन्यवाद, दिवसभर हेच करत होतो.

कागद सापडले. एकूण वेळ ३१० मिलिसेकंद लिहिलाय, कर्टन ३० मिलिमीटरचा, आणि प्रत्यक्षात टेप लावून मोजलं तर कर्टन ते पुशर ६५० आहे.

झिरो व्होल्ट तपासला, एसएमपीएस एकच आहे, कार्डाचा एम आणि कॉइलचा ए-२ (झिरोकडचं टोक) मधे ०.०२ व्होल्ट. फोरमन काका, तिथे सगळं बरोबर आहे.

आउटपुट पी-पी आहेत.

आणि पॅनलवाले भाऊ, तुम्ही नस पकडली. के-२ मार्चमध्ये बदललेला आहे. मी सुट्टीवर होतो, कॉइल जळाली म्हणून. ड्रॉइंगमधला नंबर स्टॉकमध्ये नव्हता, तर बर्डीवरून (नागपूरच्या बाजारातून) त्याच अँपिअरचा दुसऱ्या सिरीजचा आणला. कॉइलवर लिहिलंय २४ ते ६० व्होल्ट एसी/डीसी. मला वाटलं चांगलंच आहे की, दोन्हीवर चालतो.

मग मी एक केलं. लाइन बंद असताना दोन्ही आउटपुटच्या वायरी अदलाबदल केल्या, के-१ च्या आउटपुटवर के-२ आणि उलट. पाऊण तासाने फॉल्ट आला, आणि आला तो दुसऱ्या चॅनलवर. म्हणजे कार्ड नाही, फॉल्ट के-२ सोबतच गेला. लगेच वायरी परत जागेवर लावल्या.

नेटवर्कचं, ताई, साधा आयओ पण पडतो. बफरमध्ये साधा आधी आणि सेफ्टी त्यानंतर, तुम्ही म्हणाला तसंच.

पॅनलवाला_हिंगणा
२४ ते ६० एसी/डीसी लिहिलं तिथेच गोष्ट संपली. ती इलेक्ट्रॉनिक कॉइल आहे. आत रेक्टिफायर, कॅपॅसिटर आणि एक छोटं सर्किट असतं. ओढताना जोरात करंट घेते आणि एकदा आर्मेचर बसलं की अगदी थोड्या करंटवर धरून ठेवते. म्हणून तुझा फॉल्ट चालू केल्या केल्या येत नव्हता. धरून ठेवायच्या मोडमध्ये करंट कमी, त्यामुळे कार्डने पल्ससाठी आउटपुट बंद केलं तरी आतला कॅपॅसिटर एवढ्या कमी वेळात रिकामा होत नाही, टर्मिनलवर व्होल्टेज तसाच लटकलेला, आणि कार्ड म्हणतं शॉर्ट. काठावरचं प्रकरण असलं की कधी वीस मिनिटं कधी तीन तास.

साध्या डीसी कॉइलमध्ये हे होत नाही कारण ती नुसती तारेची गुंडाळी, करंट तोडला की व्होल्टेज झटकन खाली जातो, उलट शून्याच्याही खाली झटका मारतो. त्यासाठीच सप्रेसर लागतो. आणि सप्रेसर म्हणून कोणी नुसता डायोड लावायला सांगितला तर विचार करून लाव, डायोडने कॉन्टॅक्टर सुटायला बराच उशीर होतो आणि तो उशीर पण तुझ्या त्या ३१० मध्येच जाऊन बसतो. कॉन्टॅक्टरच्या कंपनीचा त्याच सिरीजचा सप्रेसर मिळतो, तो घे, त्याचा सुटण्याचा वेळ कॅटलॉगमध्ये दिलेला असतो.

उपाय एकच, ड्रॉइंगमधला साध्या २४ डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर आण. नाहीच मिळाला तर काही कंपन्यांचे सेफ्टी पीएलसीच्या आउटपुटला चालतील असं स्पष्ट लिहिलेले कॉन्टॅक्टर येतात, ते.

आणि आता मला भलतीच काळजी वाटून राहिली. के-२ दुसऱ्या सिरीजचा आला तर त्याच्यावर जुना ऑक्झिलरी ब्लॉक बसला कसा? फीडबॅकची एनसी, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटला की जुळून पीएलसीला कळवणारा कॉन्टॅक्ट, कुठून घेतली?

जुना_फोरमन
हेच इचारणार होतो. जा, पाहून ये.

बुटीबोरी_शिफ्टबी
पाहून आलो.

लिहायची लाज वाटते पण लिहितो. जुना ब्लॉक बसला नाही म्हणून तो ड्रॉवरमध्ये पडलेला आहे. फीडबॅकच्या टीबीवर, ३१ आणि ३२ च्या मधे, एक निळा तुकडा आहे, दोन इंचाचा. के-१ ची एनसी आहे, के-२ च्या जागी वायर. म्हणजे मार्चपासून के-२ चिकटला असता तर पीएलसीला कळलंच नसतं. लाइन मस्त चालू होत होती, रीसेट होत होता, कुणाला काहीच वाटलं नाही. ज्याने केलं त्याला विचारलं, तो म्हणतो साहेब रीसेटच होत नव्हता, म्हणून लूप मारला, प्रॉडक्शन डोक्यावर उभं होतं.

पॅनलवाला_हिंगणा
रीसेट होत नव्हता कारण फीडबॅक आपलं काम बरोबर करत होता.

लाइन आता बंद ठेव. के-१ एकटा पुशर थांबवेल हे खरं, पण दोन कॉन्टॅक्टर लावले ते एक चिकटला तर दुसरा आहे आणि चिकटलेला कळतो म्हणून. कळायचं कापून टाकलं तर दुसरा नुसता शोभेचा. नवीन के-२ आला की मिरर कॉन्टॅक्टवाली एनसी घे, म्हणजे मेन कॉन्टॅक्ट चिकटला असताना जी एनसी कधीच जुळू शकत नाही अशी. कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असतं, आयईसी ६०९४७-४-१ चा उल्लेख शोध. कुठलाही ब्लॉक कुठल्याही कॉन्टॅक्टरवर बसवून हे मिळत नाही.

लावल्यावर टेस्ट अशी कर. लाइन थांबलेली, के-२ च्या एनसीची एक वायर सोड, रीसेट मार. रीसेट झाला नाही पाहिजे. मग के-१ ची सोड, परत तेच. मग दोन्ही लाव, चालू कर, आणि चालू असताना फीडबॅक जुळल्यासारखा टीबीवर लूप धर, पुढच्या इमर्जन्सी स्टॉपला प्रोग्राममध्ये काय येतं ते बघ. हे सगळं कागदावर लिहून तारीख टाक.

शिकाऊ_२४व्होल्ट
आमच्या पॅनलमध्ये पण एक निळा तुकडा आहे. उद्या बघतो.

जुना_फोरमन
उद्या काहून, आजच पाह्य.

नेटवर्कचा_किडा
साधा आयओ आधी पडतो म्हणजे नेटवर्कच. कॅमेरे एक दिवस काढून बघा. खरं सांगायचं तर चार कॅमेऱ्यांनी १०० एमबीपीएसची लाइन भरत नाही, पण शंका मिटते. आणि रिमोटच्या दोन्ही टोकांचे आरजे४५ कोणी क्रिम्प केलेत? ७० मीटर ठीक आहे, तांब्याच्या केबलला १०० पर्यंत चालतं, पण ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये असेल तर वेगळी करा.

पण मला जास्त खटकतंय ते "दुपारी १ ते ४". ट्रॅफिक दुपारी १ ला जेवायला जात नाही. स्विच कोणता आहे, कुठे बसवलाय, त्याला सप्लाय कुठून?

लाइनमॅन_कळमेश्वर
कशाला एवढी चिकित्सा, सेफ्टीला वेगळं नेटवर्क वेगळा सेफ्टीचा स्विच लावायलाच पाहिजे असा नियमच आहे. साध्या स्विचवरून सेफ्टी चालवणं मुळातच चुकीचं.

नेटवर्कचा_किडा
असा नियम नाही. प्रोफिसेफ असो, सीआयपी सेफ्टी असो की इथरकॅटवरचं एफएसओई, सगळ्यांचा पाया एकच: मधली वायर आणि स्विच यांच्यावर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. त्याला ब्लॅक चॅनल म्हणतात. प्रत्येक सेफ्टी मेसेजला नंबर किंवा वेळेचा शिक्का, पत्ता आणि सीआरसी (डेटा बिघडला का ते ओळखणारा तपास-आकडा) यांची जोड असते, वर वॉचडॉग. मेसेज हरवला, दोनदा आला, उलटसुलट आला, दुसऱ्याच स्टेशनचा आला, बिघडला, काहीही झालं तरी घेणाऱ्याला कळतं आणि तो आउटपुट सोडून देतो. त्यामुळे खराब स्विचने माणूस धोक्यात येत नाही, प्रॉडक्शन धोक्यात येतं. वेगळं नेटवर्क केलं तर चांगलंच, पण ते लाइन चालू राहण्यासाठी.

एक मात्र लक्षात ठेवा, पुढेमागे ही लाइन एमआरपी रिंगमध्ये (केबल गोल जोडून डेटाला दोन वाटा देणाऱ्या रचनेत) घ्यायचा विचार असेल तर रिंग तुटून दुसऱ्या बाजूने जुळायला २०० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. १५० च्या वॉचडॉगवर तेवढ्यात सेफ्टी पडणारच, रिंग असूनही. हे लोकांना रिंगवर पैसे घातल्यावर कळतं.

बुटीबोरी_शिफ्टबी
ताई, कॅमेरे काल काढले होते. तरी दोनदा पडला. म्हणजे कॅमेरे सुटले.

स्विचचं ऐका. मेन पॅनलच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, छताला लागून, ड्राइव्हच्या गरम हवेच्या तोंडावर. आठ पोर्टचा, ऑफिसात टेबलावर ठेवतात तसला, डबल टेपने चिकटवलेला. सप्लाय पॅनलमधल्या सॉकेटमध्ये लावलेला छोटा अडॅप्टर. ड्रॉइंगमध्ये डीन रेलवरचा २४ व्होल्टचा इंडस्ट्रियल स्विच दाखवलाय, तो बहुतेक कॅमेरे लावताना पोर्ट कमी पडले म्हणून काढला गेला.

आज दुपारी मी मोबाइल पॅनलच्या दारातल्या काचेला टेप मारून व्हिडिओवर ठेवला, समोर स्विच. बाजूला थर्मामीटर, तो पण फ्रेममध्ये. बाहेर ४४ होते, शेडमध्ये पत्र्याखाली किती असेल तुम्हीच समजा, आणि पॅनलचा एसी गेल्या महिन्यापासून फक्त पंखा फिरवतोय. २ वाजून १० मिनिटांनी थर्मामीटर ५८ वर. आणि २ वाजून २३ ला स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी गेले. एक पोर्ट नाही, सगळे. साधारण तीन सेकंद अंधार, मग एकेक करून परत. एचएमआयवर त्याच मिनिटाला अलार्म. अडॅप्टरला हात लावला तर ठेवता येईना.

स्विचच्या पाठीवरचं स्टिकर वाचलं, ० ते ४० अंश.

नेटवर्कचा_किडा
मग झालं. रीस्टार्ट घेतोय तो. वॉचडॉग ३०० सोडा, ३००० केला असता तरी पडलाच असता, तीन सेकंद अंधार आहे ना. ड्रॉइंगमधला स्विच परत लावा, ६० किंवा ७० अंशांचा असतो, खाली बसवा, २४ वर चालवा. पोर्ट कमी पडतात तर कॅमेऱ्यांना त्यांचा तो टेबलावरचा स्विच द्या, ऑफिसच्या बाजूला, एसीत राहील बिचारा. आणि पॅनलचा एसी दुरुस्त करून घ्या, तिथे नुसता स्विच नाही, सेफ्टी कार्डाचा आउटपुट करंट पण बऱ्याच मॉड्यूलमध्ये तापमानानुसार कमी धरावा लागतो.

वॉचडॉग १५० च राहू द्या. तुमचा हिशोब १६०० गुणिले ०.३१ म्हणजे ४९६, त्यात ३० मिलिमीटर कर्टनचे ८ गुणिले (३० वजा १४), म्हणजे ८ गुणिले १६, १२८, एकूण ६२४. कर्टन ६५० वर आहे. २६ मिलिमीटर शिल्लक आहेत तुमच्याकडे, ३०० केला असता तर ८६४ लागले असते.

बुटीबोरी_शिफ्टबी
साहेबांना हा २६ चा आकडा टेप लावून दाखवला. टेप बघून गप्प झाले, बायपासचं नाव परत काढलं नाही.

बुटीबोरी_शिफ्टबी
सहा दिवसांनी अपडेट. ड्रॉइंगमधल्या नंबरचा के-२ मागवला, साधी २४ डीसी कॉइल, त्याच सिरीजचा सप्रेसर, मिरर कॉन्टॅक्टचा ब्लॉक. निळा तुकडा काढला. पॅनलवाले भाऊंनी सांगितलेली टेस्ट केली, एनसी सोडली तर रीसेट होत नाही, दोन्हीकडून. थांबायचा वेळ परत मोजून घेतला ज्याने लाइन दिली त्याच्याकडून, ३१० च्या आतच आहे. इंडस्ट्रियल स्विच खालच्या रेलवर, पॅनल आता ४१ वर. चार दिवसांत एकही फॉल्ट नाही, आणि हे चारही दिवस नवतपाचे, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतले.

जुना_फोरमन
शाबास. तो बर्डीवरचा कॉन्टॅक्टर कुठं ठेवला?

बुटीबोरी_शिफ्टबी
स्टोअरमध्ये दिला होता. तुम्ही विचारलं म्हणून आत्ता जाऊन पाहिलं, स्टोअरवाल्याने के-१, के-२ स्पेअर लिहिलेल्या खणातच ठेवला होता. काढून आणला, त्यावर लाल पेंट मारला, आता कॉम्प्रेसरच्या स्टार्टरला लावतो.